सातवी फेरी

पुणे, ११ फेब्रुवारी २०२४

प्रिय फय्याज,

माझं पत्र पाहून आधी दोन शिव्या घाल आणि मग पुढे वाच. मागच्या आठवड्यात आपल्या शाळेतला बाबूसिंग इथे पुण्यात भेटला. म्हणाला, टायफाइडनंतर फय्याजचे दोन्ही कान गेले, फोन करून उपयोग नाही, लिहिलंस तर वाचतो आणि उत्तरही देतो. तुझ्याबद्दल हे मला तिसऱ्याकडून कळावं, याची लाज वाटली.

मी इथे एक भलता नाद लावून घेतलाय. हसनैनभाईच्या पार्लरमध्ये होत्या ना तशा, रुपया टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या मशीन मी गोळा करतो. धायरीला एक शेड भाड्यानं घेतली आहे, तिथे अकरा उभ्या आहेत. कुणी सोलापूरच्या बंद टॉकीजमधून आणलेली, कुणी गोव्याच्या हॉटेलच्या तळघरातून. त्या उडत्या लाथेच्या गेमची पण मिळाली. तीच जिच्यावर तू मला रोज हरवायचास. मंजुषा म्हणते, लोक कुत्री पाळतात, आमच्या घरी कपाटं पाळतात. बायको आहे, बोलणारच.

पण मला बारावी हवी आहे, आणि तशी जगात एकच होती. माझ्या भावाची, गोविंदाची. ज्यात त्यानं कारंज्याच्या गल्ल्या टाकल्या होत्या, चार वेशी टाकल्या होत्या आणि मागे लागणाऱ्या भुतांच्या जागी एसटी आणि आपले हेडमास्तर. पार्लर बंद झाल्यावर हसनैनभाईनं बाकीच्या विकल्या, तिला गिऱ्हाईक मिळालं नाही, एवढंच मला माहीत आहे. ती कुठे आहे, फय्याज? असेल तर सांग. नसेल तर तेही सांग, पण लवकर सांग.

तुझा,
भागवत


कारंजा, २६ फेब्रुवारी २०२४

भागवत, सलाम.

दोन शिव्या दिल्या. तिसरी माया घरवालीनं, अमीनानं दिली, तिले बी तुया राग हाये. अबे, तीस वर्षांत एक पत्र नाई, ईदचा एक फोन नाई, हसनैनभाई कोविडात गेला तवा तू पुण्यात होता अन् पेपरात नाव बी वाचलं असशील. अन् आता लिहितो तं कायले? कपाटासाठी! वा रे भौ.

तरी तुयं पत्र मी चारदा वाचलं. कान गेल्यापासून लोकं मायाशी हातवारे करून बोलतेत, दोन हातवारे झाले की थकतेत अन् निघून जातेत. एवढं लंबं कोणी मायाशी बोललंच नाई.

तुयी मशीन हाये. जुन्या जिनिंगच्या गोडावनात, सरकीच्या पोत्यायच्या मांगं उभी होती. मी अन् माया चुलतभाऊ जुनैद हातगाडी घेऊन गेलो, दुकानात आणली. मांगच्या पावसाळ्यात गोडावनाचं टिन उडालं होतं, पाणी थेट तिच्या डोक्यावर पडलं. खालची प्लाय फुगून पापडावानी झाली. आतमंदी उंदरायनं संसार मांडला होता. पण पिक्चर ट्यूब साबूत हाये, अन् बोर्ड बी जागच्या जागी हाये. गोविंदानं मांगच्या फळीवर आपलं नाव कोरलं होतं ते बी हाये.

चालू होईन का, मले नाई माहीत. पण कारंज्यात मेलेला टीव्ही आजवर फय्याजच्या हातून उठला नाई असं झालं नाई. पोट्टे आता मोबाइल पाह्यतेत, माया दुकानात कोणी येत नाई. महिन्यातून एखादी म्हातारी रेडिओ घेऊन येते, तो बी दुरुस्त केल्यावर मले आयकू येत नाई, तिले विचारा लागते, "बाई, वाजते का वं?"

एक सांग. अकरा हायेत तुयापाशी. हे बारावं काहून पाह्यजे एवढं? खरं लिहिजो.

फय्याज


पुणे, ६ मार्च २०२४

फय्याज,

खरं लिहितो. तीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही, मंजुषालाही नाही.

तुला आठवत असेल, चौऱ्याण्णव साली गोविंदा अमरावतीला डिप्लोमाला होता आणि मी कारंज्यात खोली घेऊन शाळा शिकत होतो. तो दर शुक्रवारी यायचा आणि सोमवारी जायच्या ऐवजी बुधवारपर्यंत हसनैनभाईच्या पार्लरमध्ये मशीन उघडून बसायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये चिपांत गेम भरून आणायचा आणि इथे लावून पाहायचा. सगळं कारंजं त्याच्या भोवती गोळा व्हायचं. मला कुणी विचारायचं नाही. मी नुसता गोविंदाचा भाऊ होतो. मला जळफळाट झाला, दुसरं काय! मे महिन्यात गावी, किन्हीराजाला गेलो आणि बाबांना सांगितलं, गोविंदा कॉलेजात जात नाही, गेम खेळत बसतो.

बाबांचा राग तुला ठाऊक आहे. त्यांनी त्याचं नाव कॉलेजातून काढलं आणि त्याला वावरात उभं केलं. गावी जाण्याआधी तो एकदा कारंज्याला आला, मशीनचं मागचं दार उघडलं, चिपा बदलल्या आणि मला म्हणाला, "भाग्या, सातव्या फेरीत तुयासाठी लिहून ठेवलं हाये. खेळून पाह्य." मी सांगितलं हे त्याला तोवर कळलं होतं. तो हसत नव्हता आणि चिडलेलाही दिसत नव्हता. मी पाचव्या फेरीच्या पुढे कधी गेलो नाही. नोव्हेंबरात विहिरीच्या मोटरीचा करंट लागून तो गेला. त्यानंतर मी पार्लरची पायरी चढलो नाही.

आईला कळलं होतं चुगली कुणी केली. ती भांडली नाही, बोलणं टाकलं नाही. फक्त मला "तुमी" म्हणायला लागली. "तुमी जेवून घ्या." "तुमी कवा निघता?" तीस वर्षं, फय्याज! घरच्या गड्याला ती "अरे गोविंदसिंग" म्हणते आणि पोटच्या पोराला "तुमी".

त्यानं काय लिहिलं ते मला पाहायचं आहे. शिवी असेल तर शिवी. पण मला ती त्याच्या हातची पाहायची आहे. बाकीच्या अकरा मशीन मी कायले गोळा केल्या, मलाच कळत नाही. बहुतेक हिची हिंमत होत नव्हती म्हणून.

सातव्या फेरीपर्यंत तू तरी कधी गेला होतास का?

भागवत


कारंजा, १४ एप्रिल २०२४

भागवत,

रोजे होते, मंग ईद झाली, म्हणून उशीर. शीरखुर्मा पोस्टानं येत नाई, नाईतर पाठवला असता.

तुयं पत्र वाचून मी दुकानाचं शटर ओढून घेतलं अन् बसून राह्यलो. मले वाटे तू पुण्याले जाऊन मोठा झाला म्हणून आमाले इसरला. असं काई पोटात घेऊन पयाला, हे मले कसं कळावं? चौदा वर्षायचा होता बे तू. चौदा वर्षायचं पोट्टं चुगली करते, मीन बी हसनैनभाईच्या लय केल्या. मोटरीचा करंट तू सोडला नव्हता. पण मी म्हटल्यानं काय होते.

नाई, मी सातव्या फेरीले कवाच गेलो नाई. कोणीच गेलं नाई. सहाव्या फेरीत दारव्हा वेशीपाशी दोन एसट्या दोन्हीकून येत, तिथं सगळे मरत. हसनैनभाई म्हणे, हे पोट्ट्यानं मुद्दाम करून ठेवलं.

आता काम. बोर्ड बाहेर काढला. ओल लय शिरली हाये, हिरवी बुरशी चढली, तांब्याच्या रेघा काळ्या पडल्या. भेव नको. ब्रशानं अन् पेट्रोलनं एक एक दाणा साफ करतो, अन् मंग टिनावर ऊन देतो. आमच्या अब्बाची रीत हाये ती. पुराच्या पाण्यात बुडालेले रेडिओ त्यायनं वैशाखाच्या उन्हात वाळवून वाजते केले. इथं त्रेचाळीस डिग्री हाये सध्या. अमीनाच्या कुरडया एका बाजूनं वाळतीन, तुया बोर्ड दुसऱ्या बाजूनं.

फय्याज


पुणे, २२ एप्रिल २०२४

प्रिय फय्याज,

तुझं पत्र मिळालं आणि किती दिवसांनी पोटभर जेवलो. "चौदा वर्षायचं पोट्टं" हे तुझे शब्द मी मंजुषाला वाचून दाखवले. मग तिला सगळंच सांगितलं. ती रडली आणि मग म्हणाली, आधी सांगायला काय झालं होतं?

सातव्या फेरीची काळजी नको. मशीन चालू झाली की मी एक महिना सुट्टी टाकून तिथे येऊन बसतो. दोन एसट्यांच्या मधून कसं निघायचं ते शोधून काढू. पंचेचाळिसाव्या वर्षी हाताला तेवढी चपळाई राहिली असेल का, हाच प्रश्न!

ऊन दे खुशाल. फक्त बोर्डावर ज्या मोठ्या चिपा आहेत, ज्यांच्या पाठीवर कागदाच्या चिकटपट्ट्या लावलेल्या असतात, त्या पट्ट्या काढू नको. खाली काचेची खिडकी असते. तिच्यातून चार-आठ दिवस ऊन आत गेलं की आत भरलेलं सगळं पुसून जातं. गोविंदाचं सगळं काम त्या चार चिपांत आहे आणि दुसरी प्रत नाही. पण हे तुला काय सांगायचं म्हणा, तुझा जन्म यात गेला.

बाबूसिंगनं तुझ्या मुलीचं, यूसराचं सांगितलं होतं; तिच्याकडे मोबाइल असेल ना? चालू झाली की तिला एक व्हिडिओ पाठवायला सांग. माझा नंबर खाली देतो.

भागवत


कारंजा, ९ मे २०२४

भागवत,

तुयं पत्र आलं. उशिरा आलं.

मशीन चालू झाली. चार दिवसांआधी. मी आठ दिवस खेळलो अन् सातव्या फेरीले गेलो. तुले सांगतो काय हाये ते.

सगळ्या गल्ल्या पुसल्या जातेत, पडदा काळा होते. मंग एका बाजूनं सायकल येते. मोठं पोट्टं पायडल मारते, लहान पोट्टं म्होरं दांडीवर बसलं हाये. पडद्याच्या मधात येऊन सायकल थांबते, अन् खाली अक्षरं येतेत. मोडकी-तोडकी मराठी हाये, ठिपक्यायची, पण वाचता येते. लिहिलं हाये, "भाग्या, चाल घरी."

बस एवढंच. शिवी नाई.

यूसरा नांदाले गेली अकोल्याले, म्हणून व्हिडिओ नाई. अन् पिक्चर ट्यूबचा काई भरवसा नाई, कवा बी जाईन, म्हणून मी जास्त चालू करत नाई. तू घाई नको करू. येऊ बी नको उन्हाचा.

फय्याज


किन्हीराजा, २० मे २०२४

फय्याज, माया भावा,

पत्र वाचलं आणि पुण्यातून निघालो. मंजुषा म्हणाली, फोनवर सांगा आईंना. पण हे काय फोनवर सांगायचं असतं? सकाळी आपल्या तालुक्याच्या मालेगावला उतरलो, तिथून किन्हीराजाची गाडी धरली. "चार दिवसांआधी चालू झाली अन् आठ दिवस खेळलो" असं लिहिलंस, त्यावर एसटीत एकटाच हसत आलो. मॅट्रिकलाही तुझं गणित असंच होतं.

आई ओट्यावर तूर निवडत होती. म्हणाली, "तुमी? असे अचानक?" मी तिच्यासमोर खाली बसलो आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. सायकलपर्यंत आलो तर तिचे हात थांबले. पडद्यावरचं वाक्य तिनं मला तीनदा वाचायला लावलं. मग सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "मोठ्यानं माफ केलं, तं मी कोण? भाग्या, चाल, जेवून घे."

भाग्या म्हणाली रे! मी चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, वाढलेल्या ताटावर हमसून हमसून रडलो. ती पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, जेव, भाजी थंडी होते.

तुझे उपकार कसे फेडू मला कळत नाही. फेडायचे नाहीतच, तू दोस्त आहेस.

आईला ते पाहायचं आहे. तिचे गुडघे गेलेत, तरी म्हणते मले कारंज्याले ने, मले माया गोविंदाची सायकल पाह्यची हाये. २ जूनला जीप सांगितली आहे. दहाच्या सुमारास दुकानावर पोहोचतो. ट्यूबला तेवढा दिवस सांभाळ. तोवर मी इथेच आहे.

भाग्या


कारंजा, २४ मे २०२४

भागवत,

हे पत्र आईजवळ वाचू नको. एकटा वाच.

मशीन चालू नाई झाली. सायकल नाई. "चाल घरी" नाई. मी लिहिलं ते सगळं खोटं हाये.

तुयं एप्रिलचं पत्र मले तीस तारखेले भेटलं. मी पंधरा तारखेपासून बोर्ड टिनावर ठेवला होता. त्या चार चिपायवरच्या कागदायले सगळ्यात जास्त बुरशी होती, ओल खाऊन ते काळे पडले होते. मीन नखानं एक एक सोलला, स्पिरिटनं पुसला. खाली लहानशी काच निघाली, आत चांदीवानी दाणा चमके. मी अमीनाले बलावून दाखवलं. म्हटलं, पाह्य, किती सुंदर हाये, लोकायनं उगीच कागदाखाली झाकून ठेवलं. अन् मंग चांगलं ऊन लागावं म्हणून रोज सूर्याकडं तोंड फिरवून ठेवलं. सकाळी पूर्वेले, दुपारून पश्चिमेले. पंधरा दिवस. लेकराले शेकतेत तसं शेकलं मी त्याले.

टीव्हीत असल्या चिपा नसतेत रे. रेडिओत बी नसतेत. मले नाई माहीत होतं. तू लिहिलं, "तुला काय सांगायचं", अन् मले खरंच काई माहीत नव्हतं.

पत्र वाचलं अन् मी टिनावर पयालो. बोर्ड आणून लावला. पडद्यावर नुसते चौकोन. रंगीत, हालत नाईत. चिपा घेऊन अकोल्याले गेलो, यूसराच्या नवऱ्याच्या ओळखीचा एक माणूस हाये, त्याच्यापाशी त्या वाचाची मशीन हाये. त्यानं चारही लावून पाह्यल्या. मले पाटीवर लिहून देलं: कोऱ्या. परत करा म्हटलं. परत बी तेच लिहिलं.

तुले खरं लिहाले बसलो होतो. कसम. चार कागद फाडले. तू बारक्यापणी गोविंदाच्या सायकलच्या दांडीवर बसून येत होता, ते आठवलं, अन् हातानं भलतंच लिहिलं. मले वाटलं याच्यानं तुयं एकट्याचं मन थंडं होईन. तू आईपाशी जाशीन हे मले वाटलं नाई. मी कोण तुमच्या घरात माफी वाटणारा?

गोविंदानं काय लिहिलं होतं ते आता कोणालेच कळणार नाई. दोनदा मारलं त्याले. एकडाव मोटरीनं, एकडाव मीन.

२ तारखेले येऊ नको. येशीन तं ये, मार मले, पण आईले आणू नको. त्यायच्या म्होरं मले उभं राहाता येणार नाई.

फय्याज


किन्हीराजा, ६ जून २०२४

फय्याज,

पत्र २८ तारखेला मिळालं. गोविंदसिंगनं आणून आईच्या हातात दिलं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं आनंदानं माझ्याकडे दिलं. फय्याजचं आलं, वाच, म्हणाली. मी तिच्यासमोर पत्र उघडलं आणि न अडखळता खोटं वाचलं. पिक्चर ट्यूब फुटली, मशीन जळाली, फय्याजला फार वाईट वाटतं, येऊ नका म्हणतो. तुझ्या खोट्यावर माझं.

मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "जळू दे. अक्षरं तं वाचली ना त्यानं? झालं मंग."

तुझ्यावर ओरडायला मी तीन दिवस कागद घेऊन बसलो. होत नाही. चूक माझीही आहे. मी अकरा मशीन जमवलेला माणूस, मला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं पट्ट्यांचं. माझ्या मशीनच्या चिपांवर मी डबल कागद लावतो आणि भावाच्या चिपांबद्दल शेवटच्या चार ओळींत लिहिलं, तेही सुट्टीच्या गप्पा झाल्यावर. धायरीच्या अकराच्या अकरा काढून टाकायला मंजुषाला सांगितलं आहे. मला आता त्या बघवणार नाहीत.

पण हे ओरडण्यापेक्षा वाईट आहे, ते ऐक. आई मला भाग्या म्हणते. रोज ऊन ऊन भाकर करून वाढते. पाठीवर हात फिरवते. यासाठी मी तीस वर्षं तडफडलो आणि आता मिळालं तर चोरासारखा जेवतो आहे. गोविंदानं माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तिला माहीत आहे असं तिला वाटतं. खरं सांगितलं तर उद्या पुन्हा "तुमी" होईल. नाही सांगितलं तर तिच्या जिवंतपणी रोज एकदा मला गोविंदाच्या नावानं खोटं बोलायचं आहे, कारण ती रोज विचारते. संध्याकाळी दिवा लावला की म्हणते, सांग रे, मोठ्याची सायकल कशी येते? आणि मी सांगतो. तुझी वाक्यं मला पाठ झाली आहेत. आता त्यात मी माझीही घालतो. सायकलला घंटी आहे असं परवा सांगितलं.

मी सांगणार नाही तिला. मला जमणार नाही. एवढाच मी आहे, चौदाव्या वर्षी होतो तेवढाच.

चार दिवसांपूर्वी तिनं विचारलं, मोठ्याच्या अंगात कोणत्या रंगाचं शर्ट दाखवलं? मी म्हटलं, फय्याजनं ते लिहिलं नाही. तर म्हणाली, मंग विचार त्याले, त्यानं पाह्यलं हाये. रोज विचारते आहे, पत्र आलं का म्हणून.

तेवढं कळव. त्यानंतर आपण एकमेकांना लिहू नये हे बरं. तुझं पत्र आलं की ती हातातलं काम टाकून येईल आणि मला पुन्हा काहीतरी वाचून दाखवावं लागेल.

भागवत


कारंजा, ११ जून २०२४

भागवत,

तू इच्यारलं म्हणून लिहितो. मंग लिहीत नाई.

माया मनात पहिले निळा आला होता. पण निळा सांगू नको. इहिरीवून त्याले आणला तवा त्याच्या अंगात निळाच शर्ट होता. तू कारंज्याहून उशिरा पोचला, तू नाई पाह्यला. मी हसनैनभाईसंगं तुयाआधी आलो होतो. आईनं तो शर्ट कापू देला नवता कोणाले, आपल्या हातानं एक एक बटन काढलं होतं.

पिवळा सांग.

फय्याज